जुनी कॅराव्हॅन देऊन नवी घेताना

चाकांवरचे घर ही कल्पना भारतीयांस अगदीच अपरिचित नाही. बैलगाडीवर सारा संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या जमाती या देशात शतकानुशतके होत्या. तथापि केवळ प्रवासाच्या आनंदासाठी मोटारीत निजण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय करून घेणे ही आपल्याकडे अलीकडची गोष्ट होय. २०२१ साली महाराष्ट्र व केरळ या दोन राज्यांनी कॅराव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले, आणि त्यानंतर हा शब्द सामान्य माणसाच्याही कानी पडू लागला. बंगळूर शहरात या छंदाला अनुकूल भूमी होती. हंपी, चिक्कमगळूर, कोडगू आणि गोकर्ण ही सारी स्थळे येथून एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहेत; हवा सौम्य आहे; आणि गाड्यांची आतील सजावट करणारे कुशल कारागीर जुन्या जयचामराजेंद्र रस्त्यावर, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या जे. सी. रोडवर, फार पूर्वीपासून आहेत.

अशी गाडी काही वर्षे वापरल्यावर मालकाला मोठी किंवा अधिक सोयीची गाडी हवीशी वाटते. मग जुनी गाडी विक्रेत्याच्या स्वाधीन करून, तिची किंमत वळती करून नवी घेण्याचा विचार पुढे येतो. अशा व्यवहाराची पूर्वतयारी म्हणजे गाडी धुऊन-पुसून चकचकीत करणे, असा पुष्कळांचा समज असतो. तो अपुरा आहे. खरी तयारी तीन गोष्टींचा मेळ घालण्यात आहे: गाडीची प्रत्यक्ष अवस्था, तिची कागदपत्रे आणि शासकीय नोंदवहीतील मालकाचे नाव. या तिहींत विसंगती राहिली, तर पहिल्या दोन बाबतींत पैशाचे नुकसान होते. तिसऱ्या बाबतीत मात्र, गाडी हातची गेल्यावरही तिच्यापासून उद्भवणारी जबाबदारी जुन्या मालकाच्या माथी राहू शकते. प्रस्तुत प्रकरणात या तिन्ही बाजूंचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

मूल्य कसे ठरते

कॅराव्हॅन ही वस्तुतः दोन वस्तूंची जोड असते. खाली यंत्र आणि सांगाडा असलेले एक सामान्य वाहन असते व त्याच्या पोटात एक छोटे घर असते. आपल्याकडे या घरांपैकी पुष्कळशी ‘ट्रॅव्हलर’ प्रकारच्या गाडीत बांधलेली आढळतात. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने १९८७ मध्ये ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ बाजारात आणली. २००५ मध्ये त्या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. अशा गाडीचे वर्ष, मॉडेल आणि धाव कळली की कोणताही अनुभवी विक्रेता तिच्या किमतीचा अंदाज करू शकतो, कारण शाळा, कारखाने आणि प्रवासी कंपन्या यांच्यामुळे तिचा बाजार मोठा आहे.

घराची गोष्ट निराळी. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे गाव या उद्योगाचे केंद्र मानले जाते, आणि तेथे जुन्या कॅराव्हॅनच्या किमतींची छापील कोष्टके मिळतात. भारतात अशा गाड्या मोजक्याच असल्याने तसा आधार नाही. म्हणून नव्या गाड्यांचा विक्रेता बहुधा खालच्या वाहनाचेच मोल करतो आणि आतल्या पलंगाला, ओट्याला व पाण्याच्या टाकीला जवळजवळ शून्य किंमत देतो. किंबहुना, हे सारे काढून टाकण्याचा खर्चही तो मनातल्या मनात वजा करतो. यावरून एक निष्कर्ष निघतो. घराची किंमत हवी असेल, तर ते घर उत्तम चालते आहे आणि ते नियमानुसार बांधलेले आहे, या दोन्ही गोष्टी मालकाने पुराव्यानिशी दाखविल्या पाहिजेत.

दुसरी दक्षता हिशेबाची. अशा व्यवहारात विक्रेता दोन आकडे सांगतो: जुन्या गाडीची किंमत आणि नव्या गाडीवरील सूट. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की ग्राहकाची फसगत होते. समजा, नव्या गाडीची किंमत ३० लाख रुपये आहे. एक विक्रेता जुनीचे ११ लाख देतो, पण नवीवर केवळ ५० हजारांची सूट देतो. दुसरा जुनीचे १० लाखच देतो, मात्र नवीवर २ लाख सोडतो. पहिल्याचा शब्द कानाला गोड लागतो. परंतु त्याच्याकडे ग्राहकाला १८ लाख ५० हजार मोजावे लागतील आणि दुसऱ्याकडे १८ लाख. म्हणून विचारावयाचा प्रश्न एकच: शेवटी खिशातून किती जाणार? विमा, जोडसामान व इतर आकार धरून ही रक्कम लेखी घ्यावी, आणि जुनी गाडी परस्पर विकल्यास काय येईल याचाही निदान दोन ठिकाणी अंदाज घ्यावा. परस्पर विक्रीत रक्कम बहुधा अधिक येते; विक्रेत्याकडे देण्यात वेळ आणि दगदग वाचते. या सोयीची किंमत किती द्यावयाची, हे मालकाने आधीच ठरवावे.

घराची तपासणी

कॅराव्हॅनचा पहिला शत्रू पाणी होय. छताला पाडलेली झरोक्याची भोके, खिडक्यांच्या चौकटी आणि सौरफलकांचे खिळे यांतून पावसाचे पाणी आत झिरपते. बंगळुरात नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि परतीचा पाऊस असे दोन्ही काळ मिळून पावसाळा लांबतो, त्यामुळे हा धोका वर्षातील बरेच महिने राहतो. प्लायवूडच्या भिंतीत मुरलेली ओल बाहेरून दिसत नाही. बोटाने ठोकले असता भरीव आवाजाऐवजी मऊ, बद्द आवाज येणे, कोपऱ्यातील रंगाला फुगवटा येणे, कपाट उघडताच कुबट वास येणे, या तिच्या खुणा होत. जाणकार मूल्यमापक आत शिरताच आधी वास घेतो आणि गादी उचलून खालची फळी पाहतो.

अशी ओल आढळल्यास तिच्यावर रंग किंवा नवा पडदा चढविणे हा उपाय नव्हे. आधी गळतीचे मूळ शोधावे. एकाने नळीने छतावर एका वेळी एकाच जोडावर पाणी सोडावे व दुसऱ्याने आतून पाहावे, म्हणजे दोषी जोड सापडतो. रबरी पट्टी किंवा सांधा भरण्याचे सीलंट जुने झाले असल्यास ते खरवडून काढून नवे भरावे. जुन्यावरच नवा थर दिल्याने काही उपयोग होत नाही. त्यानंतर खिडक्या उघड्या ठेवून गाडी कोरड्या दिवसांत पूर्ण सुकू द्यावी. हे काम घाईत होत नाही, म्हणून ते सर्वांत आधी हाती घ्यावे.

पाण्याच्या व्यवस्थेत तीन भाग येतात: स्वच्छ पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी आणि शौचकूप. बंगळुरातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते; ते तापविले की उष्णकाच्या आत क्षारांचा थर बसतो व पाणी तापण्यास वेळ लागतो. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाण्यात मिसळून काही तास ठेवल्यास हा थर सुटतो. स्वच्छ पाण्याची टाकी क्लोरीनच्या सौम्य द्रावणाने भरून ठेवावी आणि नंतर दोन-तीनदा खळखळून धुवावी. सांडपाण्याची टाकी व शौचकूप पूर्ण रिकामे, धुतलेले व कोरडे असले पाहिजे. या एका बाबतीत हयगय झाली, तर बाकीची सारी तयारी फुकट जाते, कारण दुर्गंधी आल्यावर कोणीही पुढची तपासणी आस्थेने करीत नाही.

विजेच्या बाबतीत गाडीची बॅटरी आणि घराची बॅटरी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. बारा व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारित करून काही तास स्वस्थ ठेवली असता तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरावा. तो १२ च्या आसपास उतरत असेल, तर बॅटरी भार धरून ठेवीत नाही असे समजावे. लिथियम बॅटरीचे आकडे याहून थोडे चढे असतात. पंप, दिवे, पंखा, शीतपेटी आणि इन्व्हर्टर मूल्यमापकासमोर एकेक करून चालवून दाखविता आले पाहिजेत. सौरफलक धुऊन ठेवावा.

गॅस हा सर्वांत नाजूक विषय. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे भोक असावे लागते. ते कचऱ्याने बुजलेले नाही ना, हे पाहावे. नळीवरील मुदत तपासावी व जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे बघावे. काडी ओढून परीक्षा कधीही करू नये. सिलिंडर मात्र गाडीबरोबर देता येत नाही. तो गॅस कंपनीच्या मालकीचा असतो व त्याची जोडणी विशिष्ट ग्राहकाच्या नावे असते. गाडी स्वाधीन करण्यापूर्वी तो काढून घेणे हेच योग्य होय.

यंत्राची तपासणी

यंत्राच्या बाबतीत मालकाने खर्च कोठे करावा आणि कोठे करू नये, याचा विवेक हवा. वायपरची पाती, विझलेले दिवे, सैल झालेला आरसा, कर्कश वाजणारे ब्रेकचे पॅड या गोष्टी स्वस्तात दुरुस्त होतात; परंतु त्या तशाच राहिल्या तर गाडीची निगा राखलेली नाही असे मत होते आणि मूल्यमापक न दिसणाऱ्या दोषांसाठीही रक्कम कापतो. उलट, संपूर्ण गाडीला नवा रंग देणे किंवा इंजिन उतरवून मोठी दुरुस्ती करणे बहुधा परवडत नाही. झालेला खर्च किमतीत परत येत नाही, शिवाय ताजा रंग पाहून अपघात लपविल्याचा संशय बळावतो.

टायरच्या खाचांची खोली कायद्याप्रमाणे निदान १.६ मिलिमीटर असली पाहिजे. कॅराव्हॅन पुष्कळदा दीर्घकाळ एका जागी उभी असते, त्यामुळे खाचा शाबूत असूनही रबर जुने होऊन तडकते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. तिचे पहिले दोन आकडे आठवडा व शेवटचे दोन वर्ष दाखवितात. २३१९ अशी खूण असल्यास तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला, असे समजावे.

आधुनिक गाडीत इंजिनाचे दोष तिच्या संगणकात नोंदले जातात व समोरच्या फलकावर इशाऱ्याचा दिवा लागतो. काही जण यंत्र लावून ही नोंद पुसून टाकतात. त्याने दिवा विझतो, परंतु गाडीच्या अंतर्गत चाचण्या अपूर्ण असल्याचे त्याच यंत्राने लगेच कळते आणि मालकाचा हेतू उघडा पडतो. दोष दुरुस्त करावा किंवा तो असल्याचे सांगावे. तिसरा मार्ग नाही. सर्व्हिसिंगच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवाव्यात. धावेचा आकडा खरा असल्याची त्याहून चांगली साक्ष नसते.

सांगावयाचे दोष

२०२२ च्या ऑगस्टअखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी बंगळूरच्या पूर्व भागात अतिवृष्टी झाली. बाह्य वर्तुळाकार मार्ग, बेळ्ळंदूर, यमलूर या परिसरातील वसाहतींत पाणी शिरले आणि तळघरांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. अशी गाडी वाळवून, धुऊन पुन्हा रस्त्यावर आणता येते. परंतु तारांच्या जोडांत आणि संगणकाच्या पेटीत शिरलेले पाणी पुढे कित्येक महिने गंजाच्या रूपाने काम करीत राहते. सीटच्या खालचे लोखंडी रूळ, पट्ट्यांची पूर्ण बाहेर ओढलेली टोके व गालिच्याखालचा गाळ यांवरून जाणकार ही गोष्ट ओळखतो. विम्याचा दावा केला असल्यास त्याची नोंद विमा कंपनीकडे असतेच.

पुरात बुडणे, मोठा अपघात किंवा इंजिन बदललेले असणे या गोष्टी मालकाने स्वतः होऊन, लेखी सांगाव्यात. त्यामुळे किंमत थोडी कमी होईल; परंतु पुढे दोष उघडकीस आल्यावर व्यवहार मोडण्याचा, नवी गाडी अडकून पडण्याचा किंवा न्यायालयात जाण्याचा प्रसंग टळतो. ज्या कुटुंबाच्या हाती ती गाडी अखेर जाईल, त्याच्या जीविताचा प्रश्नही यात गुंतलेला आहे, हे विसरता कामा नये.

कागदपत्रांचा मेळ

आता नोंदणीपत्राकडे वळावे. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन वर्गातील वाहन समजली जाते. आपल्या गाडीच्या नोंदणीपत्रात वाहनाचा प्रकार आणि आसनसंख्या काय लिहिली आहे, हे मालकाने प्रथम वाचावे. कारण बारा आसनांची प्रवासी गाडी विकत घेऊन, आसने उपटून, आत पलंग व ओटा बसविला आणि नोंदणीपत्र मात्र जसेच्या तसे राहिले, असे घडू शकते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी फारकत घेणारे बदल मान्य होणार नाहीत, असे सांगितले. कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे भारतीय मानक आहे, आणि पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्था वाहनांच्या मान्यतेसाठी चाचण्या करतात. मान्यताप्राप्त बांधणाऱ्याकडून गाडी घेतली असल्यास त्याचे प्रमाणपत्र व मूळ बीजक हाताशी ठेवावे. विक्रेत्याने शून्य धरलेल्या घराला किंमत मिळवून देणारा पुरावा तो हाच. बदल परवानगीवाचून झाला असेल, तर व्यवहाराची बोलणी करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करून मार्ग काढावा.

गाडी कर्जावर घेतली असल्यास शेवटचा हप्ता फिटला म्हणजे बोजा उतरला, असे नव्हे. बँकेचे ना हरकत पत्र व नमुना ३५ परिवहन कार्यालयात देऊन नोंदणीपत्रावरील बँकेचे नाव कमी करून घ्यावे लागते. ज्यांनी कर्ज फेडून अनेक वर्षे झाली, त्यांच्या नोंदणीपत्रावरही हा शेरा तसाच आढळतो. याशिवाय वैध विमा, पीयूसी प्रमाणपत्र, उच्च सुरक्षा नोंदणीपट्टी आणि न भरलेले दंड यांचा निकाल लावावा. गाडी कोरमंगलाच्या केए-०१ कार्यालयात नोंदलेली आहे, जयनगरच्या केए-०५ मध्ये की यलहंकाच्या केए-५० मध्ये, हे पाहून त्या कार्यालयाच्या नोंदी संगणकावर अद्ययावत आहेत याची खात्री करून घ्यावी.

बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना एक वेगळी अडचण येते. गाडी पुणे किंवा कोल्हापूर येथे नोंदलेली असते, कर महाराष्ट्रात भरलेला असतो आणि वापर मात्र कर्नाटकात होत असतो. अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ मध्ये मिळवावे लागते आणि कर्नाटकाचा कर भरावा लागतो; महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाच्या परताव्यासाठी निराळा अर्ज करावा लागतो. बंगळूरचा विक्रेता हे सारे ओझे किमतीतून वजा करतो. म्हणून अशी गाडी महाराष्ट्रातच नेऊन देणे फायद्याचे आहे काय, याचा हिशेब आधी करून पाहावा.

नोंदवहीतील नाव

आता या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाच्या बाबीकडे येऊ. किंमत ठरली, किल्ली दिली, पैसे वळते झाले, म्हणजे गाडी आपली राहिली नाही, असे सामान्य माणूस समजतो. कायदा तसे समजत नाही. अधिनियमाच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावे वाहन नोंदलेले आहे, तो मालक होय.

२००९ साली घडलेल्या एका अपघातात एक जण मृत्युमुखी पडला व एक जखमी झाला. नोंदवहीत ज्याचे नाव होते, त्या गृहस्थाचे म्हणणे असे की, त्याने ती गाडी २००७ मध्येच विकली होती. त्यानंतर ती हस्ते-परहस्ते आणखी पुढे गेली होती. कोणीही नोंद बदलून घेतली नव्हती. न्यायाधिकरणाने नोंदलेल्या मालकाला जबाबदार धरले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ती जबाबदारी शेवटच्या खरेदीदारावर टाकली. अखेर ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदवहीतील मालकाचीच आहे. अपघातग्रस्ताने गाडी कोणकोणाच्या हातून गेली याचा माग काढीत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागील विचार होता. आपद्ग्रस्ताच्या दृष्टीने तो न्याय्यच म्हणावा लागेल. परंतु ज्याने गाडी देऊन टाकली व कागद मात्र तसाच ठेवला, त्याच्यावर त्याचा केवढा भार पडतो हेही उघड आहे.

जुनी गाडी विक्रेत्याच्या आवारात उभी राहते, कधी आठवडाभर, कधी काही महिने. तिला ग्राहक मिळेपर्यंत नोंद मूळ मालकाच्याच नावे असते. त्या काळात ती कोण चालवितो, कोठे नेतो, हे त्याला कळत नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा केली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला परिवहन कार्यालयाकडून अधिकारपत्र घेता येते. मालकाने अशा अधिकृत विक्रेत्याच्या स्वाधीन गाडी करताना नमुना २९-क, म्हणजे इंग्रजी क्रमातील २९-सी, याद्वारे नोंदणी अधिकाऱ्यास तसे कळविले की तो विक्रेता त्या वाहनाचा मानीव मालक ठरतो. ग्राहकाला दाखविणे, दुरुस्ती, रंगकाम किंवा तपासणी यांसारख्या कामांसाठीच तो गाडी रस्त्यावर आणू शकतो आणि प्रत्येक फेरीची नोंद त्याला ठेवावी लागते.

यास्तव पहिला प्रश्न विचारावा तो असा: आपणाकडे अधिकारपत्र आहे काय? असल्यास त्याची प्रत पाहावी, उपर्युक्त नमुना आपल्यासमोर संगणकावर भरून घ्यावा आणि पोच जपून ठेवावी. अधिकारपत्र नसल्यास, गाडी खरेदीदाराच्या नावे होईपर्यंत नमुना २९ व नमुना ३० यांवर तारीख, खरेदीदाराचे नाव व पत्ता रिकामा ठेवून सही करू नये. कोऱ्या नमुन्यावरील सही म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला कोरा धनादेशच होय. कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात हस्तांतर झाले असता विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. विकणाऱ्याने आपली बाजू स्वतःच पुरी करावी, दुसऱ्यावर विसंबू नये.

स्वाधीन करण्याचा दिवस

त्या दिवशी करावयाच्या गोष्टी लहान, परंतु विसरण्याजोग्या असतात. काचेवरील फास्टॅग काढून त्याचे खाते बंद करावे. अन्यथा दुसऱ्याच्या प्रवासाचा पथकर आपल्या खात्यातून जातो. गाडीच्या पडद्यात साठविलेले दूरध्वनी क्रमांक, घराचा पत्ता व प्रवासाचे मार्ग पुसून टाकावेत. कपाटे, आसनाखालचे कप्पे व सांडपाण्याच्या नळाजवळची पेटी उघडून पाहावी. दोन्ही किल्ल्या, उपकरणांच्या माहितीपुस्तिका आणि हमीपत्रे एका पाकिटात द्यावीत. गाडी, धावेचा आकडा व सांगाड्याचा क्रमांक यांची छायाचित्रे घ्यावीत आणि स्वाधीन केल्याची तारीख व वेळ लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती घ्यावी.

विम्याच्या बाबतीत एक हक्क पुष्कळांना ठाऊक नसतो. दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट ही गाडीला नव्हे, तर मालकाला मिळालेली असते. सलग पाच वर्षे दावा केला नसल्यास ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत पोचते. जुन्या विमा कंपनीकडून तसे प्रमाणपत्र घेतल्यास तीन वर्षांच्या आत ती सूट नव्या गाडीच्या विम्यावर लागू करता येते. हे प्रमाणपत्र न मागितल्यामुळे कित्येक जण मोठी रक्कम गमावतात.

कामांचा क्रम

ही सर्व कामे एका रविवारी उरकत नाहीत. निदान दोन महिने आधी नोंदणीपत्र वाचून बोजा, प्रकार व राज्य यांसंबंधीचे अर्ज करावेत, कारण शासकीय कागदाला त्याचा वेळ लागतो. त्याच सुमारास छताची गळती शोधावी, म्हणजे ओल सुकण्यास अवधी मिळेल. महिनाभर आधी टाक्या, वीज, गॅस आणि किरकोळ दुरुस्त्या पुऱ्या कराव्यात. पंधरा दिवस आधी दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी आकडे घ्यावेत व त्यांच्या अधिकारपत्राची विचारणा करावी. धुणे-पुसणे शेवटच्या दोन दिवसांसाठी ठेवावे.

गाडी दिल्यानंतरही एक काम उरते. महिन्याभराने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक घालून नोंद पाहावी. तेथे आपले नाव अजून दिसत असेल, तर विक्रेत्याकडे पाठपुरावा करावा, आणि आपल्याजवळची पोच घेऊन नोंदणी अधिकाऱ्यास लेखी कळवावे. नव्या गाडीतून पहिल्या सहलीला निघण्यापूर्वी हे पाहून घेतले, म्हणजे जुन्या गाडीचा संबंध खऱ्या अर्थाने संपला असे म्हणता येईल.